पत्ता आधी, किल्ली नंतर : करंज्याच्या किनाऱ्यावरून दूरस्थ यंत्रांचा इतिहास

तळहातावर मावेल एवढा एक सर्किट बोर्ड घ्या. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. तो एका पेटीत बंद करून एखाद्या पाण्याच्या टाकीवर, विजेच्या खांबावर किंवा बोटीच्या केबिनवर बसवला जातो आणि बसवणारा माणूस घरी निघून जातो. पुढे कधी त्या बोर्डाशी बोलायचं झालं तर काय करायचं? दरवेळी शिडी लावून वर चढणं शक्य नसतं. मग दोन गोष्टी लागतात. एक, तो बोर्ड कुठे आहे हे जाळ्याला कळेल असा पत्ता. दोन, आत शिरण्याचा अधिकार, म्हणजे किल्ली.

इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हे दोन्ही विषय एकाच प्रकरणात येतात: आयपी ॲड्रेस कसा द्यायचा आणि एसएसएचने लॉगिन कसं करायचं. मी मात्र इतिहासाचा विद्यार्थी. माझ्या पीएचडीचा विषय 'दूर ठेवलेल्या यंत्रांशी माणसं कशी बोलत आली' असा आहे. त्यात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यंत्राला पत्ता लगेच मिळतो. त्याला प्रश्न कोणी विचारायचा आणि हुकूम कोणी सोडायचा, हे ठरायला मात्र फार उशीर होतो, आणि बहुतेक वेळा ते काहीतरी बिनसल्यावर ठरतं. आज हीच गोष्ट तुम्हाला एका किनाऱ्यावरून दाखवतो.

करंजाच का?

करंजा हे उरण तालुक्यातलं खाडीच्या तोंडावरचं मच्छीमारांचं गाव. मागे द्रोणागिरीचा डोंगर, खाडीपलीकडे रेवस. गॅझेटिअरच्या काळात उरणचा कारभार पनवेल तालुक्यात मोडायचा आणि उरणच्या बेटाला करंजा बेट असंही म्हणत. त्यामुळे जुने कागद चाळताना करंजा पुष्कळदा पनवेलच्या नावाखाली सापडतो.

आता या परिसराचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला ओएनजीसीचा उरणचा प्रकल्प, जिथे भर समुद्रातलं तेल आणि वायू येतो. दुसऱ्या बाजूला न्हावा शेवाचं कंटेनर बंदर. आणि मध्ये करंज्याच्या मासेमारी बोटी, ज्यांच्या केबिनवर आता उपग्रहाशी बोलणाऱ्या पेट्या बसू लागल्या आहेत. दूरस्थ यंत्रांचे तीन प्रकार, एकाच तालुक्यात. पण सुरुवात करायला हवी ती पाण्यापलीकडच्या मुंबईतून.

यंत्राला कळलं होतं, पण सांगता आलं नाही

अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची यंत्राने नोंद होऊ लागली. रचना साधी होती. समुद्राशी जोडलेल्या विहिरीत एक तरंगता गोळा, त्याला तार, तारेच्या टोकाला पेन्सिल, आणि घड्याळाच्या चावीवर फिरणारं कागद गुंडाळलेलं पिंप. पाणी चढलं की रेघ चढायची, उतरलं की उतरायची. या नोंदींवरून गणित करून पुढच्या वर्षाची भरती सांगता येई. त्यासाठी १८७९ मध्ये लंडनला खास भारतीय बंदरांकरता भाकीत करणारं यंत्रही तयार झालं.

हे यंत्र दिवसरात्र समुद्राकडे बघत होतं. पण त्याला काय दिसलं हे जाणून घ्यायचं तर कुणीतरी तिथवर चालत जायचं, चावी द्यायची, कागद बदलायचा. दूरस्थ प्रवेश म्हणजे दोन पाय.

२७ ऑगस्ट १८८३ ला क्राकाटोआ ज्वालामुखीचा महास्फोट झाला. त्याच्या लाटा भारताच्या किनाऱ्यावरच्या भरतीमापकांनी टिपल्या आणि मेजर बेअर्ड यांनी त्यावर १८८४ मध्ये अहवाल लिहिला. अहवाल उत्तम आहे, पण तो लाट निघून गेल्यानंतरचा.

आता तिथून थेट १२१ वर्षं पुढे या. २६ डिसेंबर २००४. सुमात्राजवळचा भूकंप आपल्या घड्याळानुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास झाला आणि चेन्नईला पहिली लाट नऊच्या सुमारास पोचली. मधे जवळपास अडीच तास होते. चेन्नईच्या भरतीमापकाने लाट नीट नोंदवली, विशाखापट्टणम आणि कोचीच्या यंत्रांनीही नोंदवली. पण ही सगळी माहिती यंत्रापाशीच राहिली. एका बंदरातल्या यंत्राने पुढच्या बंदराला सावध करायची सोयच नव्हती. १८८३ चा प्रसंगच पुन्हा घडला, फक्त या वेळी किनाऱ्यावर माणसं कितीतरी जास्त होती.

त्यानंतर ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. आता भरतीमापकाशेजारी एक छोटा बोर्ड असतो, तो पाण्याची पातळी मोजतो आणि दर काही मिनिटांनी उपग्रहामार्फत पाठवून देतो. म्हणजे ज्याला आपण 'नेटवर्किंग' म्हणतो ती इथे हौसेची गोष्ट राहत नाही. ती नसली की मोजणी अचूक असूनही तिचा वेळेवर उपयोग होत नाही.

तारेवर असलेला प्रत्येक जण घरचा

फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधलं आणि मे १९७६ मध्ये बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झालं. पुढे समुद्राखालच्या नळांनी ते तेल आणि वायू उरणला येऊ लागले. भर समुद्रात विहिरींवर जे लहान फलाट उभारतात त्यांवर बहुतेक वेळ माणूस नसतो. दाब किती, झडप उघडी की बंद, आग लागली का, हे सगळं दुरून बघावं लागतं.

या कामासाठी जगभरच्या तेल आणि वीज उद्योगात जी पेटी वापरतात तिला आरटीयू म्हणतात. आजच्या एम्बेडेड बोर्डाची ही थोरली बहीण. तिच्याशी बोलायची एक लोकप्रिय बोली म्हणजे मॉडबस. मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने ती १९७९ मध्ये काढली, आणि ती अजून चालते. मॉडबसमध्ये तारेवरच्या प्रत्येक पेटीला १ ते २४७ मधला एक क्रमांक असतो. मुख्य यंत्र विचारतं: क्रमांक १७, तुझ्या चौथ्या कप्प्यात काय आहे? १७ उत्तर देतो. मुख्य यंत्र सांगतं: १७, झडप बंद कर. १७ बंद करतो.

इथे तुमच्या मनात आलं असेल: पासवर्ड कुठाय? तो नव्हताच, आणि तेव्हा त्याची गरजही वाटली नाही. तार कारखान्याच्या आत होती, कारखान्याला फाटक होतं आणि फाटकावर पहारेकरी होता. जो तारेपर्यंत पोचला तो घरचाच, असा त्यामागचा विचार. किल्ली होती, पण ती फाटकाच्या कुलपाची.

हा विचार चुकीचा नव्हता. तो फक्त त्या तारेपुरता खरा होता. १९९९ मध्ये मॉडबस आयपी जाळ्यावर चालवायची पद्धत निघाली. बोली तीच, सवय तीच, पण तार आता फाटकाबाहेर गेली होती.

जाळं आलं, आणि पत्त्यांची टंचाईही

आयपीचा आजही चालणारा चौथा आराखडा सप्टेंबर १९८१ मध्ये लिहिला गेला. त्यात पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी पत्ते. संगणक खोलीभर आकाराचे होते तेव्हा हा आकडा प्रचंड वाटला. भारतात १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. त्यात मुंबईतून जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी होती, आणि पुढच्या वर्षी या दोघींमध्ये फोनच्या तारेवरून ईमेल जाऊ लागलं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं.

त्या काळी दूरच्या संगणकात शिरायचं साधन होतं टेलनेट. त्यात पासवर्ड होता, पण तो तारेवरून उघडा जायचा. मधे बसलेल्या कुणालाही वाचता येईल असा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी असे पासवर्ड टिपले. तिथल्या तातु य्लोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. म्हणजे आज आपण ज्या सुरक्षित लॉगिनला गृहीत धरतो, त्याचा जन्मही चोरी झाल्यानंतरचा आहे.

आता या सगळ्याचा तुमच्या हातातल्या बोर्डाशी संबंध जोडू. नवा बोर्ड आला की सहसा पहिल्यांदा सिरीयल तार जोडावी लागते, कारण त्याला अजून पत्ताच नसतो. मग पत्ता द्यायचे दोन मार्ग. डीएचसीपी ही १९९३ ची सोय म्हणजे बंदरात शिरलेल्या बोटीला रिकामी दिसेल ती जागा: आज इथे, उद्या तिथे. चालतं, पण रात्री अंधारात आपली बोट शोधायची झाली की पंचाईत. दुसरा मार्ग स्थिर पत्त्याचा, म्हणजे ठरलेल्या खुंटाला ठरलेली बोट. त्यात तुम्हाला तीन गोष्टी स्वतः लिहाव्या लागतात: बोर्डाचा पत्ता, आपलं जाळं कुठपर्यंत आहे हे सांगणारा मास्क, आणि बाहेर जायचं दार, म्हणजे गेटवे.

तुमच्या घरातला पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होत असेल. हा खासगी पत्ता. असे पत्ते १९९० च्या दशकात घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले, कारण ४२९ कोटी पुरणार नाहीत हे तोवर कळून चुकलं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातला शेवटचा गठ्ठाही वाटून संपला. म्हणून आज शेकडो मोबाईल ग्राहकांना कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवते. तुम्ही शेतातल्या पंपावर सिमकार्ड घातलेला बोर्ड लावला, तर तो बाहेर बोलू शकतो, पण बाहेरून तुम्ही त्याला हाक मारू शकत नाही. म्हणून उलटी युक्ती करतात: बोर्डच आपल्या ओळखीच्या सर्व्हरला हाक मारतो, ती वाट उघडी ठेवतो आणि आपण त्याच वाटेने आत जातो. ही 'पेटीने आधी हाक मारायची' पद्धत लक्षात ठेवा. बोटींकडे गेल्यावर ती परत लागेल.

किल्लीचा इतिहास इथेही मागून येतो. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा ३५ डॉलरचा बोर्ड बाजारात आला आणि विद्यार्थ्यांच्या हाती खरा संगणक पडला. त्यात वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड सगळ्या जगाला माहीत असलेला एकच होता. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि राउटर असेच काबीज केले. त्यासाठी कुठलीही हुशारी लागली नाही. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक लावून बघितल्या, बस. २१ ऑक्टोबर २०१६ ला या कॅमेऱ्यांच्या फौजेने डिन या कंपनीवर एवढा मारा केला की अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांची दारं काही तास बंद पडली. पुढच्याच महिन्यात रास्पबेरी पायने एसएसएच आपोआप चालू ठेवणं थांबवलं, आणि तो सार्वत्रिक वापरकर्ता जायला एप्रिल २०२२ उजाडलं.

न्हावा शेवा, जून २०१७

हे सगळं दूरदेशी घडतं असं वाटत असेल तर करंज्याहून थोडं उत्तरेला चला. २७ जून २०१७ ला युक्रेनमधून नॉटपेट्या हा घातकी प्रोग्रॅम सुटला. तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या अपडेटमध्ये तो लपवला होता. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि त्या समूहाच्या एपीएम टर्मिनल्सचं जवाहरलाल नेहरू बंदरातलं काम अडलं. कुठला कंटेनर कुठे ठेवायचा, कुठल्या ट्रकला द्यायचा हे सांगणारं सॉफ्टवेअरच गेलं, की नुसतं लोखंड उरतं.

इथे शिकण्यासारखी बारीक गोष्ट अशी. नॉटपेट्या एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला तो काही अंशी विंडोजच्या अधिकृत साधनांनी. तीच साधनं, जी व्यवस्थापकांना दुरून कारभार करता यावा म्हणून दिलेली असतात. एका संगणकातून किल्ल्यांचा जुडगा मिळाला आणि तो पुढच्या सगळ्या दारांना लागला. मर्स्कने आपलं नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितलं. म्हणजे किल्ली असणं पुरेसं नाही. एकच किल्ली सगळीकडे चालते का, आणि ती हरवली तर कुठली दारं उघडी पडतात, हेही आधी ठरवावं लागतं.

आता बोटीची पेटी

मासेमारी बोटीला पत्ता नवीन नाही. नोंदणी क्रमांक तिच्या अंगावरच रंगवलेला असतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले दहशतवादी पोरबंदरच्या 'कुबेर' बोटीचा ताबा घेऊन मुंबईजवळ आले, आणि त्यानंतर प्रत्येक बोट ओळखता यायला हवी हा आग्रह वाढला. २० मीटरहून लांब मासेमारी बोटींना एआयएस हे यंत्र बंधनकारक झालं. त्यात बोटीला नऊ आकडी क्रमांक मिळतो, भारताचे ४१९ ने सुरू होतात. एआयएस आपला क्रमांक, जागा आणि वेग रेडिओवरून मोकळेपणी सांगत राहतं. ते कुणीही ऐकू शकतं. बोलणाराच खरा आहे का, हे तपासायची सोय त्यात नाही. म्हणजे पुन्हा तेच: पत्ता आहे, किल्ली नाही.

संकटासाठी इस्रोने वेगळं यंत्र केलं, डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर, म्हणजे डॅट. २०१० पासून ते वापरात आहे आणि देशात अशी २० हजारांहून जास्त यंत्रं आहेत. बोट बुडतेय, आग लागली, कुणी आजारी पडलं, अशा वेळी तांडेलाने बटण दाबायचं. संदेश उपग्रहावरून मध्यवर्ती केंद्रात जातो. पण पहिल्या पिढीचं डॅट एकतर्फी होतं. बटण दाबलं, पुढे काय? हाक पोचली का, कुणी निघालं का, हे वादळात सापडलेल्या माणसाला कळायचा मार्ग नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटने ही उणीव भरली. आता केंद्राकडून पोच येते, आणि यंत्र ब्लूटूथने मोबाईलला जोडून हवामानाचा इशारा आपल्या भाषेत वाचता येतो.

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांनी नौकांच्या संपर्क-प्रणालीची देशव्यापी सुरुवात केली. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख ट्रान्सपाँडर, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. यातही इस्रोचं तंत्रज्ञान आहे, आणि बोलणं दोन्ही बाजूंनी होतं.

अभियंत्याच्या नजरेने हे सरळ प्रगतीचं चित्र आहे: पिंपावरचा कागद, मग एकतर्फी हाक, मग दुतर्फी संवाद. ते खरंही आहे. १८८३ आणि २००४ पाहिल्यावर दुतर्फी संवादाला विरोध कोण करेल? पण आता करंज्यातल्या नाखव्याच्या जागी उभे राहून बघा. मासा कुठे लागतो हे ज्ञान त्याच्या धंद्याचं भांडवल असतं. या किनाऱ्यावर डोल जाळी रोवायच्या जागा वहिवाटीने ठरत आल्या. डोंगराची आणि देवळाची खूण जुळवून जागा ओळखायची आणि ती चार माणसांत बोलायची नाही, ही कोळीवाड्यांची जुनी रीत. संकटात माझी जागा सगळ्यांना कळावी, आणि एरवी कुणालाही कळू नये, या दोन्ही इच्छा एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. पेटी मात्र एकच आहे.

म्हणून मला वाटतं की बोटीच्या पेटीबद्दलचे खरे प्रश्न तेच आहेत जे तुमच्या टेबलावरच्या बोर्डाबद्दल विचारायचे असतात. यंत्र स्वतः हाक मारतं की कुणीही त्याला कधीही विचारू शकतं? विचारायचा अधिकार कुणाकुणाला आहे: तटरक्षक दलाला, मत्स्यखात्याला, विमा कंपनीला, मासे खरेदी करणाऱ्याला? प्रत्येकाची किल्ली वेगळी आहे का? आणि कोण कधी आत येऊन गेलं याची नोंद राहते का, व ती नोंद ज्याची पेटी आहे त्याला बघता येते का? चांगल्या सर्व्हरवर शेवटच्या लॉगिनची वेळ आत शिरताच समोर दिसते. नाखव्यालाही ती दिसायला हरकत काय?

हे प्रश्न विचारायची वेळही महत्त्वाची. मॉडबसला ते वीस वर्षांनी विचारले गेले, टेलनेटला चोरीनंतर, स्वस्त कॅमेऱ्यांना मिराईनंतर. एक लाख पेट्या बोटींवर बसवल्या जात असताना आपण ते आत्ताच विचारू शकतो, कारण पत्ते वाटायचं काम अजून चालू आहे. मच्छीमार सोसायटीच्या सभेत पेटी वाटताना ती कशी चालू करायची हे सांगतात, ते सांगायलाच हवं. त्याच सभेत ती दुरून कोण उघडू शकतं, हेही सांगितलं गेलं पाहिजे.

आणि तुमच्याकडे स्वतःचा बोर्ड असेल तर आज संध्याकाळी तीन कामं करा. कारखान्याचा पासवर्ड काढून टाका. एसएसएचसाठी किल्ल्यांची जोडी बनवा: त्यातलं कुलूप बोर्डावर ठेवायचं आणि किल्ली फक्त तुमच्या संगणकावर. आणि राउटरवर बाहेरून आत यायचं दार उगाच उघडं ठेवलं असेल तर ते लावून घ्या. पत्ता बदलला तरी चालेल, तो केव्हाही नवा देता येतो.